राखेतलं आर्सेनिक कसं नाहीसं करावं: नवशिक्या केमिस्टसाठी मार्गदर्शन

अभिनंदन. एमएस्सी झालात, प्रयोगशाळेत लागलात, ॲप्रन अजून पांढरा आहे. आणि आज साहेबांनी तुमच्या टेबलावर प्लास्टिकची एक पिशवी आणून ठेवली. आत करडी, हाताला पिठूळ लागणारी राख. वर मार्करनं ‘फ्लाय ॲश’ आणि त्याखाली दोन रेघा मारून ‘अर्जंट’.

सोबतच्या कागदावर मूलद्रव्यांच्या दोन याद्या आहेत. वरच्या यादीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, ही सिमेंटवाल्यांसाठी. खालच्या यादीत आर्सेनिक, सेलेनियम, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा. ही प्रदूषणाच्या फायलीसाठी. वरच्या यादीतले मुख्य आकडे भरभक्कम आले की सगळे खूश. खालच्या यादीतले नावापुरते आले की सगळे आणखी खूश.

पाठ्यपुस्तकं खरा आकडा कसा काढावा एवढंच सांगतात. हवा तो आकडा आपणहून कसा चालत येतो, हे त्यांत नसतं. ती उणीव भरून काढण्यासाठी हा खटाटोप. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: इथल्या कुठल्याही युक्तीत खोटा आकडा लिहायचा नाही. खाडाखोड नको, पाकीट नको. यंत्राच्या पडद्यावर जे येईल तेच रिपोर्टात जाईल. ते महागडं यंत्र फक्त शेवटचं वाक्य बोलतं. काय बोलायचं हे नमुना त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आतच ठरलेलं असतं.

सुरुवात पिशवीपासून. ती नेमकी कुठून भरली, हे चुकूनही विचारू नका. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, कुठलंही औष्णिक केंद्र घ्या. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण ताकदीनं चालला तर दिवसाला साधारण सात-आठ हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के सहज असते, म्हणजे दिवसाकाठी अडीच हजार टनांच्या आसपास राख. त्यातली तुम्ही तपासायला घेणार १०० मिलिग्रॅम. म्हणजे दोन हजार पाचशे कोटींत एक. आपला खासदारसुद्धा वीस-पंचवीस लाखांच्या वतीनं बोलताना अडखळतो. या चिमटीभर राखेकडून मात्र आपली अपेक्षा मोठी असते.

त्यात राख एकजिनसी नसते, हे आपलं भाग्य. तिचा साधारण पाचवा हिस्सा बॉयलरच्या तळाशी पडतो, ती बॉटम ॲश. बाकीची धुराबरोबर उडते आणि ईएसपीमध्ये, म्हणजे विजेच्या भारानं धूळ पकडणाऱ्या कप्प्यांच्या रांगेत, अडकते. जाड कण पहिल्या फील्डमध्ये पडतात, बारीक कण शेवटच्या फील्डपर्यंत जातात. आर्सेनिक आणि सेलेनियम बॉयलरच्या आगीत वाफ होऊन उडतात. धूर निवत जातो तशी ती वाफ राखेच्या कणांवर बसते, आणि बारीक कणांवर जास्त बसते, कारण वजनाच्या मानानं त्यांचा पृष्ठभाग मोठा. परिणामी शेवटच्या फील्डखालच्या हॉपरमधली, म्हणजे राख गोळा होणाऱ्या नरसाळ्यातली, राख आर्सेनिकनं श्रीमंत, पहिल्या हॉपरमधली मध्यमवर्गीय आणि बॉटम ॲश जवळजवळ कफल्लक. दिवस तोच, कोळसा तोच, चिमणीही तीच. तर नवशिक्यानं कुठला हॉपर निवडावा? अर्थात पहिला. ‘सगळ्यात जास्त राख तिथेच पडते’ हे समर्थन तयार आहे, आणि ते खरंही आहे.

ढीग करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग: हे कोनिंग-क्वार्टरिंग इमानदारीनं केलं तर दुपार जाते आणि माणूस भस्म फासल्यासारखा दिसू लागतो. फावडं एकदा खुपसून पिशवी भरली तर दोन मिनिटांत काम होतं. दोन्ही बाबतींत रिपोर्टात ओळ एकच पडते: ‘नमुना ग्राहकाने पुरवला.’ ही ओळ पाठ करा, आयुष्यभर कामाला येईल.

कधीकधी राखेऐवजी कोळसाच येतो आणि राख तुम्हालाच करायची असते. ही तर पर्वणी. भारतीय मानक १३५० प्रमाणं मफल फर्नेस ८१५ अंश सेल्सियसपर्यंत चढवा. ते मानक कोळशात राख किती, हे वजनावरून काढण्यासाठी आहे आणि त्या कामाला उत्तम आहे. पण आपण त्याच राखेत नंतर पारा शोधणार आहोत. पारा ३५७ अंशांना उकळतो. भट्टी थंड होईतो तो केव्हाच निघून गेलेला असतो, आणि जाताना सेलेनियमलाही बऱ्यापैकी सोबत नेतो. मग उरलेल्या राखेत पारा मोजा आणि ‘आढळला नाही’ असं निःशंकपणे लिहा. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी राख करायची तर ५०० अंशांवर थांबावं, आणि पारा मूळ कोळशातूनच वेगळा मोजावा, असं अमेरिकी पद्धती सांगतात. त्यासाठीच्या यंत्रात नमुना जाळून पाऱ्याची वाफ सोन्यावर पकडतात, मग ती सोडून २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं किती शोषण झालं ते बघतात. पण ते यंत्र स्वतंत्र विकत घ्यावं लागतं. भट्टी आपल्याकडे आहेच.

दळणाबद्दल थोडक्यात. क्रोम स्टीलच्या गिरणीत दळलं तर क्रोमियम आणि लोह वाढतं, टंगस्टन कार्बाइडच्या गिरणीत कोबाल्ट वाढतं. आकडे वाढवायचे नसल्यानं हे टाळा. या एका ठिकाणी आपलं आणि पाठ्यपुस्तकाचं एकमत आहे.

वरची यादी एक्सआरएफवर उरकून टाका. राख लिथियम बोरेटमध्ये मिसळून प्लॅटिनमच्या मुशीत हजारेक अंशांना वितळवायची, काचेसारखी चकती ओतायची आणि तिच्यावर क्ष-किरण सोडायचे. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतं. शेवटी सगळ्या ऑक्साइडांची बेरीज शंभरच्या जवळपास यायला हवी. समजा, ९३ आली. अननुभवी माणूस इथे थबकतो आणि उरलेले सात टक्के कुठे गेले ते शोधत बसतो. तुम्ही सॉफ्टवेअरमधलं ‘नॉर्मलाइझ’ दाबा. ५८ टक्के सिलिका एका क्षणात ६२च्या वर जाते. सिलिका, ॲल्युमिना आणि लोहाचं ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के, ही भारतीय मानक ३८१२ ची अट आपली राख तशीही सहज पुरी करते. पण गिऱ्हाइकाला ८८पेक्षा ९४ आवडतात. हरवलेले ते सात टक्के बहुधा न जळलेला कार्बन होता. त्याच मानकात जळून जाणाऱ्या भागावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. काँक्रीटवाल्याला खरी काळजी त्याचीच असते, कारण हा कार्बन काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे बुडबुडे धरण्यासाठी घातलेलं रसायन शोषून घेतो. बटण दाबलं की तोही मिटला.

आता डायजेशन. खालच्या यादीसाठी राख ॲसिडमध्ये विरघळवावी लागते आणि केमिस्टचं सगळं कसब इथेच पणाला लागतं. फ्लाय ॲश सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर काचेच्या बारीक गोल गोळ्या दिसतात. त्यांच्यात क्वार्ट्झ आणि म्युलाइटचे स्फटिक अडकलेले असतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण सोनं विरघळवतं, पण या गोळ्यांपुढे हात टेकतं. मायक्रोवेव्ह डायजेस्टरमधून भांडी बाहेर काढलीत की तळाशी करडा गाळ तसाच बसलेला असेल. पाठ्यपुस्तक म्हणेल, डायजेशन अपुरं आहे. तुम्ही म्हणा, फिल्टर करा. गाळणीच्या कागदावर क्रोमियम, टायटॅनियम, ॲल्युमिनियमचा मोठा वाटा राहील. तो कागद बादलीत टाकला की हिशेब हलका होतो. आर्सेनिक मात्र या पद्धतीनं फारसं लपत नाही, कारण ते कणांच्या पृष्ठभागावरच बसलेलं असतं आणि पहिल्या ॲसिडालाच हाती लागतं. त्याच्यासाठी वेगळी तजवीज आहे, पुढे येईलच. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची ३०५० बी ही पद्धत, आपण नमुना पूर्ण विरघळवत नाही, असं स्वतःच सांगून टाकते. पूर्ण विरघळवायचं तर ३०५२ आहे, जिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं. रिपोर्टात पद्धतीचा क्रमांक छापला जातो. तो क्रमांक उघडून वाचणारा गिऱ्हाईक विरळा.

हायड्रोफ्लोरिक ॲसिडाचं नाव निघालंच आहे तर चार वाक्यं थट्टा बाजूला ठेवून. हे ॲसिड त्वचेवर पडलं तर कधीकधी तासन्‌तास दुखतही नाही, आणि तोवर आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. तळहाताएवढ्या भाजण्यानंही हृदय बंद पडू शकतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल, फ्युम हूड नीट ओढत नसेल, किंवा खोलीत तुम्ही एकटेच असाल, तर बाटलीचं झाकण उघडू नका. साहेब म्हणाले तरी. अर्जंट असलं तरी.

हे ॲसिड वापरलंत की गोळ्या विरघळतात आणि नव्या संधी चालून येतात. सिलिकॉनचं टेट्राफ्लोराइड होतं, तो वायू असतो, त्यामुळे उघड्या भांड्यात सिलिकॉन उडून जातो. कॅल्शियमचा न विरघळणारा फ्लोराइड होतो आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं त्याच्यासोबत खाली बसतात. जास्तीचा फ्लोराइड बांधायला बोरिक ॲसिड घालावं लागतं. ते घातलं की बोरॉन मोजता येत नाही, कारण तो तुम्हीच ओतलेला असतो. बोरॉन हे राखेतून पाण्यात चटकन उतरणारं मूलद्रव्य आहे आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. ‘पद्धतीच्या मर्यादेमुळे तपासले नाही’ असं लिहून मोकळे व्हा.

आणि ब्लँक. नमुन्याशिवाय फक्त ॲसिडं घेऊन तेच सगळे सोपस्कार करायचे, म्हणजे ॲसिडातून, भांड्यांतून, हवेतून किती भेसळ आली ते कळतं. पावडर लावलेल्या हातमोज्यांतून जस्त येतं, काचेतून सोडियम येतं. ब्लँक जितका घाणेरडा तितकं नमुन्यातून वजा करायला जास्त मिळतं. म्हणून भांडी फार घासू नका.

आता यंत्र. १८६० मध्ये हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खोफ यांना खनिज पाण्याच्या वर्णपटात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. नवं मूलद्रव्य आहे म्हणायला त्या पुरेशा होत्या, पण बुन्सेननं त्या पाण्याचे चाळीसेक टन आटवून सीझियमचे काही ग्रॅम क्षार हातात घेतले आणि मगच स्वस्थ बसला. पुढे १९५५ मध्ये मेलबर्नच्या ॲलन वॉल्शनं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन मांडलं, साठच्या दशकात आर्गॉनचा प्लाझ्मा आला, ऐंशीच्या दशकात त्याला वस्तुमान मोजणारं यंत्र जोडलं गेलं. आज तुमच्या टॉर्चमध्ये जी जांभळट ज्योत आहे ती सूर्याच्या पृष्ठभागाहून गरम आहे, आणि तिच्यामागे बसलेलं आयसीपी-एमएस अब्जात एखादा भागही ओळखतं. बुन्सेनचा चिवटपणा तेवढा किमतीत धरलेला नाही.

यंत्राची नजर तीक्ष्ण असली तरी ते फसतं, आणि इथे जरा सावध राहा, कारण फसताना ते बहुधा आकडा वाढवतं. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. ज्योतीतल्या आर्गॉनचं ४०, हायड्रोक्लोरिक ॲसिडातल्या क्लोरीनचं ३५. दोघं ज्योतीत जोडी जमवतात आणि ७५ होतात. यंत्राला दोन्ही सारखेच. क्लोरीन भरपूर असलेल्या नमुन्यात नसलेलं आर्सेनिक असं अवतरतं. हीलियमची कोलिजन सेल चालू केली की ही जोडी मागे पडते, ती चालू करा. त्याच प्लाझ्माचा प्रकाश मोजणाऱ्या आयसीपी-ओईएसवर कॅडमियमची २२८.८०२ नॅनोमीटरची रेषा आर्सेनिकच्या २२८.८१२ ला जवळजवळ चिकटलेली आहे. आर्सेनिक बरं असलेल्या राखेत कॅडमियम फुकटचं वाढतं. २१४ची रेषा घ्या. शिशाच्या २२०.३५३ रेषेजवळ ॲल्युमिनियम गडबड करतं, आणि राखेत तर ॲल्युमिनियमच ॲल्युमिनियम. थोडक्यात, आकडा वाढवणाऱ्या चुका शोधून शोधून दुरुस्त करा. कमी करणाऱ्या चुकांना आपण ‘नैसर्गिक चढउतार’ म्हणतो.

गुणाकाराकडेही लक्ष असू द्या. १०० मिलिग्रॅम राख ५० मिलिलिटरमध्ये विरघळवली म्हणजे पाचशे पट डायल्युशन. मग यंत्राला झेपावं म्हणून आणखी दहा पट. यंत्रानं लिटरला ४ मायक्रोग्रॅम दाखवलं, तर राखेत किलोला २० मिलिग्रॅम. दुसरं डायल्युशन वहीत लिहायचं राहून गेलं, तर २. फरक फक्त एका पेनाचा आहे.

आता ती राखून ठेवलेली तजवीज. एवढं सगळं करूनही आर्सेनिक हटत नसेल तर आयसीपी-एमएस बंद करा आणि कोपऱ्यातलं जुनं फ्लेम ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन पेटवा. फ्लेमवर आर्सेनिकची किमान दिसणारी पातळी द्रावणात लिटरला साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. पाचशेनं गुणा: राखेत किलोला ५० ते १०० मिलिग्रॅम. त्याच्या खालचं काहीही या यंत्राला दिसतच नाही. २० असो वा ४०, उत्तर एकच: बीडीएल. ‘बिलो डिटेक्शन लिमिट’ची ही तीन अक्षरं राखेच्या रिपोर्टांतली सगळ्यात लाडकी अक्षरं आहेत. वाचणारा त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतो. खरा अर्थ ‘आम्हाला दिसलं नाही’ एवढाच, आणि किती जाडीचा चष्मा लावला होता हे खाली लिहायचं बंधन कुणी फारसं पाळत नाही. याच फ्लेमला हायड्राइड जोडलं तर आर्सेनिक हजार पटींनी बारीक दिसतं. जोडू नका.

तरीही कुणी म्हणेल, एकूण आर्सेनिक राहू द्या, पाण्यात किती उतरतं ते सांगा. प्रश्न शहाणा आहे, उत्तरही तयार आहे: टीसीएलपी. राख वीस पट द्रवात, सौम्य ॲसिटिक ॲसिडात, अठरा तास घोळवायची. ही चाचणी शहरी कचऱ्याच्या डेपोसाठी बेतलेली आहे, जिथे कुजणारा कचरा ॲसिड सोडतो. राखेच्या तलावात भाजीची देठं नसतात. तिथे पाणी अल्कधर्मी असू शकतं, आणि अशा पाण्यात आर्सेनिक आणि सेलेनियमचं वागणं वेगळं असतं. म्हणूनच पीएच २ पासून १३ पर्यंत बदलून बघायच्या चाचण्या आल्या, पण त्यांना वेळ लागतो. शिवाय टीसीएलपीत आर्सेनिकची पास होण्याची रेषा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ०.०१. पाचशे पटींची ही सवलत असताना नापास होणं हेच कठीण. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा पावसात फुटला आणि राखेचं पाणी आजूबाजूच्या ओढ्यांत, शेतांत शिरलं. ते पाणी ॲसिटिक ॲसिडात अठरा तास थांबून आलं नव्हतं.

शेवटी रिपोर्ट. आकडे दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत लिहा, २०.३४७ बघितल्यावर नमुना फावड्यानं भरला होता की चहाच्या चमच्यानं, असं कुणी विचारत नाही. रिकव्हरी दाखवायची वेळ आली तर ओळखीचं आर्सेनिक डायजेशनच्या आधी नव्हे, नंतर घाला. वाटेत काहीच हरवत नाही, ९९ टक्के परत मिळतं.

ही पद्धत एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकापुढे चालत नाही. तो फार बोलत नाही. कुठल्या हॉपरची राख, ॲसिडं कुठली, डिटेक्शन लिमिट किती, एवढं विचारतो. मग म्हणतो, त्याच दिवशी, त्याच भांड्यांत, ओळखीची राख चालवली होती का? अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेनं कोळशाच्याच राखेचा प्रमाणित नमुना काढला होता, एसआरएम १६३३ बी. त्यातलं आर्सेनिक किलोला १३६.२ मिलिग्रॅम, कमी-जास्त २.६. असा कुठलाही प्रमाणित नमुना वरच्या युक्त्यांतून नेलात तर बाटलीवरच्या दाखल्याशी आकडा जुळत नाही, आणि तिथे बीडीएल लिहून भागत नाही.

तेव्हा तुम्ही केमिस्ट नसाल, आणि राखेच्या विटा घेणारे, राखेच्या तलावाशेजारी शेती करणारे किंवा ग्रामसभेत रिपोर्ट हातात आलेले असाल, तर बाकी पानं नंतर वाचा. आधी प्रमाणित नमुन्याचा त्या दिवशीचा आकडा मागा. दाखल्याशी जुळत असेल तर रिपोर्ट ठेवून घ्या. नसेल, किंवा ‘तसलं काही लागत नाही’ असं उत्तर मिळालं, तर तपासणीचे पैसे परत मागा.